‘बाई, तुम्ही आम्हाला ओळखत नाही का?’

प्रश्न: नमस्कार ताई. नागपूरच्या मनीषनगर भागात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मी नऊ वर्षांपासून पाळणाघर चालवते. दीड ते सहा वर्षांची एकोणीस मुलं आहेत, मदतीला दोन मावश्या. बहुतेक आईवडील मिहान नाहीतर बुटीबोरीला नोकरीला, त्यामुळे काही मुलं सव्वासातपर्यंत असतात. मागच्या महिन्यात मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. साडेपाचला एक तरुण आला. साडेतीन वर्षांच्या एका मुलाचं नाव घेऊन ‘मी याचा काका, वहिनीला उशीर होणार आहे’ म्हणाला. मुलगा ‘काका, काका’ करत धावत गेला आणि मावशींनी त्याला पाठवून दिलं. सहाला आई आली. पुढची पंचवीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. तो खरंच चुलतकाका निघाला, वडिलांनी पाठवलेला. आईला कळवायचं राहून गेलं होतं. मुलगा घरी टीव्ही बघत बसला होता.

तेव्हापासून मला झोप नाही. दुसऱ्याच दिवशी मी गेटला कुलूप लावलं आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे आधार कार्ड मागायला लागले. एक आजोबा तीन वर्षांपासून रोज नातीला न्यायला येतात, ते चिडले, ‘बाई, तुम्ही आम्हाला ओळखत नाही का?’ दोन आया म्हणाल्या, तुरुंग करून टाकला. त्यात एका मुलीची आई नवऱ्यापासून वेगळी राहते, तिने तोंडी सांगून ठेवलंय, ‘हिच्या पप्पांना अजिबात देऊ नका.’ ते आले तर मी काय करू? आणि किती कडक व्हायचं?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी ते कुलूप काढा. हे वाचून झाल्यावर आजच काढा.

तुम्ही घाबरलात ते योग्यच झालं, पण कुलूप चुकलं. एकोणीस मुलं, त्यातली पाच-सहा धड पळताही न येणारी, आणि किल्ली कोणाच्या तरी बटव्यात. दुपारी स्वयंपाकघरात किंवा कूलरच्या प्लगमध्ये काही पेटलं तर ती किल्ली शोधायला किती वेळ लागेल? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आग लागून दहा नवजात बाळं गेली, ते आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. जिथे लहान मुलं असतात तिथलं दार आतल्या मोठ्या माणसाला एका हाताने, किल्लीविना उघडता आलं पाहिजे, कारण दुसऱ्या हातात मूल असणार.

मग बाहेरचा कसा अडवायचा? तुमच्या गेटसमोर बाहेरच्या बाजूला उभ्या राहा आणि गजांतून हात घालून कडी सरकवून बघा. शंभरातल्या नव्वद घरांत ती सरकते. दूधवाल्यापासून वर्गणी मागणाऱ्या पोरांपर्यंत सगळे तसेच आत येतात आणि आपल्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. वेल्डिंगवाल्याला बोलवा आणि कडीच्या मागच्या बाजूने हात-दीड हात पत्रा मारून घ्या, म्हणजे बाहेरून हात पोचणार नाही. कडी चार-साडेचार फुटांवर घ्या, म्हणजे सहा वर्षांचा सगळ्यात द्वाड मुलगासुद्धा उडी मारून काढू शकणार नाही. बाहेर बेल लावा. आधार कार्डं तपासण्यापेक्षा या अर्ध्या दिवसाच्या कामाचा उपयोग जास्त आहे. नाहीतरी आधार कार्डावरून समोरच्याचं नाव कळतं, तो त्या मुलाला न्यायला आलेला माणूस आहे की नाही, हे कुठे कळतं?

आता त्या संध्याकाळकडे येऊ. ते कुलूप तेव्हा असतं, तरी काही फरक पडला नसता. मावशींनी ते उघडलंच असतं. माणूस नीट कपड्यातला, मुलाचं नाव माहीत असलेला, ‘वहिनीला उशीर होणार’ असं घरातल्यासारखं बोलणारा, आणि पोरगं स्वतः धावत गेलेलं. तुमच्या मावशी नंतर काय म्हणाल्या असतील ते मी न ऐकता सांगते: ‘बाई, पोरगा काका काका म्हणून राहिला होता, मी कशी नाही म्हणू?’ त्यांना संशय आलाच नसेल असं नाही. आला असेल, पण तो बोलून दाखवायची भीड पडली असेल. आपल्यात म्हणतातच, भीड भिकेची बहीण. पाळणाघराच्या दारात या भिडेने जेवढा घोळ होतो, तेवढा तुटक्या कडीने होत नाही.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः बावीस वर्षं पाळणाघर चालवलं. एका मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास, मुलं झोपलेली असताना मी आतल्या खोलीत गेले तर एक अनोळखी माणूस कूलरपाशी उकिडवा बसलेला. हातात पाना, खांद्यावर मळका पंचा. मी विचारलं, कोणी बोलावलं? म्हणाला, पंप बघायला आलो. आमच्याकडे कूलरची तक्रारच नव्हती. दोन मावश्यांनी त्याला आत येताना पाहिलं होतं आणि दोघींनाही वाटलं होतं की बाईंनीच बोलावलं असेल. तो नंतर शेजारच्या घरी खरंच कूलर दुरुस्तीला आलेला निघाला, दार चुकला होता. पण सात-आठ मिनिटं तो सोळा झोपलेल्या मुलांच्या खोलीत एकटा होता. हातात पाना असला की माणसाला कोणी विचारत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. तुमच्यासारखीच मीही नंतर आठ दिवस जागी होते.

आणि ओळखीचं म्हणाल तर नागपूरकरांना २०१४ चं ते लकडगंजचं प्रकरण आठवत असेलच. शाळेतून परतलेल्या आठ वर्षांच्या मुलाला पळवून नेणारा माणूस वडिलांच्याच दवाखान्यात आधी कामाला असलेला, मुलाच्या पाहण्यातला होता. त्या मुलाचं नाव इथे लिहिण्याची गरज नाही. मूल ज्याच्याकडे हसत गेलं त्याच्याकडे ते द्यायला हरकत नाही, हा आपला ठोकताळा किती कच्चा आहे, एवढंच सांगायचं आहे. साडेतीन वर्षांचं मूल तर मिशीवाल्या प्रत्येकाला काका म्हणतं.

तेव्हा मावशींची भीड तुम्ही त्यांच्या अंगावरून काढून घ्या. त्यासाठी कागद लागतो. प्रत्येक मुलाचं एक पान करा. त्यावर मुलाचा फोटो आणि त्याला नेऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त चार माणसांचे फोटो, नावं, नाती, फोन नंबर, खाली आई आणि वडील दोघांच्या सह्या. चार पुरेत. कोणी नऊ नावं लिहून देतं, ती घेऊ नका. ही पानं एका जाड फाइलमध्ये, दाराजवळ, पण बाहेरून दिसणार नाहीत अशी ठेवा. नाव पानावर नसेल तर मूल मिळणार नाही, मग तो सख्खा मामा असो. व्हॅनवाले काका, ऑटोवाले हेसुद्धा त्या चारांतच मोजा. त्यांनी ‘आज माझा भाऊ आलाय गाडी घेऊन’ म्हटलं तर त्या भावाला पुढचा नियम.

अचानक पाचवं माणूस पाठवायची वेळ येणारच. बुटीबोरीहून निघालेली आई वर्धा रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकते, हे मीही पाहिलंय. अशा वेळी आलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही. फोन ठेवायचा आणि फाइलमध्ये लिहिलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. व्हॉट्सॲपचा मेसेज मी धरतच नाही. फोन कोणाच्याही हातात असू शकतो, आणि आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं आता आली आहेत. उलट फोनवर आईला घरचा ठरलेला शब्द विचारायचा. हा शब्द प्रत्येक कुटुंबाने प्रवेशाच्या वेळी द्यायचा, मुलाला माहीत नसलेला. एकदा वापरला की बदलायचा. माझ्याकडे एका आईने ‘सांबारवडी’ दिला होता. दोन वर्षांत तो एकदाच वापरावा लागला, आणि फोनवर तिच्या ऑफिसभर हसू ऐकू आलं.

आणि मावशींना एक वाक्य पाठ करून द्या. ‘बाईंचा नियम आहे, माझ्या हातात नाही. तुम्ही बसा, मी फोन लावते.’ एवढंच. दोघींना समोर उभं करून तुम्ही स्वतः चिडलेला काका व्हा, रडवेली आत्या व्हा, ‘मी पोलिसात आहे’ म्हणणारा माणूस व्हा, आणि त्यांना ते वाक्य म्हणायला लावा. पहिल्यांदा त्या हसतील, तिसऱ्या वेळेला ठामपणे म्हणतील. त्यांनी या नियमाने एखाद्या खऱ्या काकाला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं तर त्यांच्यासमोरच त्या काकाला सांगा की मावशींचं बरोबर आहे. तुम्ही एकदा जरी ‘अहो मावशी, यांना तर ओळखतो आपण’ म्हणालात, की सगळं मुसळ केरात.

त्या पंचवीस मिनिटांत तुम्ही पोलिसांना फोन केला होता का? पत्रात तसं नाही, म्हणजे बहुतेक केला नसणार. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग ‘अजून दहा मिनिटं बघू’. असं करू नका. मूल कोणाकडे आहे हे पाच मिनिटांत कळलं नाही तर ११२. लहान मुलांसाठीचा १०९८ हाही नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात हवा. चोवीस तास थांबावं लागतं ही निव्वळ कंडी आहे. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगून ठेवलं आहे. खोटा गजर ठरला तर पोलीस थोडं बोलतील, बोलू द्या.

आता त्या मुलीच्या पप्पांचं. इथे सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात, त्याही चांगल्या मनाच्या बायकांकडून.

आईच्या तोंडी सांगण्यावरून वडिलांचा हक्क संपत नाही. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये वडील आणि त्यांच्यानंतर आई असे नैसर्गिक पालक सांगितले आहेत, आणि पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असंही तिथेच म्हटलं आहे. त्यातल्या ‘त्यांच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘वडील असेपर्यंत आईला काहीच अधिकार नाही’ असा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे दोघंही पालक, आणि वाद असेल तर निकाल कोर्टाचा. तुम्ही आणि मी गेटवर उभ्या राहून तो लावायचा नाही. म्हणून त्या आईला जवळ बसवून सांगा: ‘तुझ्याकडे कोर्टाचा कागद आहे का?’ कौटुंबिक न्यायालयाचा ताब्याचा आदेश असेल, किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकाऱ्यांनी दिलेला तात्पुरत्या ताब्याचा आदेश असेल, तर त्याची प्रत फाइलमध्ये लावा. त्यात वडिलांच्या भेटीचे वार आणि वेळा दिलेल्या असतील तर त्याही पाळा. कागद नसेल तर तिला तो मिळवायच्या मार्गाला लावा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून ती थांबली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या कायद्याने हा हक्क बाईला आहे, तिचं उत्पन्न किती ते त्यासाठी बघत नाहीत. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात चौकशी केली की कळेल.

कागद येईपर्यंत तुमचा आधार म्हणजे प्रवेशाचा अर्ज. ‘ज्या पालकाने मूल इथे दाखल केलं, त्याच्याकडे किंवा त्याने लेखी दिलेल्या माणसाकडेच मूल सोपवलं जाईल’ हे कलम त्यात नसेल तर घाला आणि ओळखीच्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या.

आणि ते आलेच तर? ‘मुलगी आज आलीच नाही’ असं खोटं बोलू नका. मुलगी आतून ‘पप्पा’ म्हणून ओरडली की तुमची लाज आणि त्यांचा राग दोन्ही वाढतात. दार लावून आतूनही बोलू नका. व्हरांड्यात खुर्ची द्या, पाणी द्या, आणि म्हणा, ‘तिच्या आईने दाखल केलंय, मी त्यांना फोन लावते. तुम्ही दोघं बोला. तुमचं ठरेपर्यंत मुलगी इथे सुरक्षित आहे.’ तेवढ्या वेळात एक मावशी मुलांना मागच्या खोलीत नेऊन गाणी घेईल. हे सगळं मुलीच्या डोळ्यांसमोर होता कामा नये. दोघांचं जमलं नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात बसून ठरवा म्हणा. आवाज चढला, गेटला हात लागला, की ११२, मग विचार करायचा नाही.

एक मात्र सांभाळा. तुम्ही त्या आईच्या बाजूच्या होऊ नका. मला कळतं, रोज तिचा उतरलेला चेहरा तुम्हीच बघता. पण वेगळा राहणारा प्रत्येक बाप मूल पळवायला आलेला नसतो. माझ्याकडे एक यायचे, पंधरा दिवसांतून एकदा, कोर्टाने दिलेल्या तासाभरासाठी, संत्री घेऊन. मुलगा ती सोलायला लावायचा आणि शिरा काढून दे म्हणायचा. पूर्ण तास त्यातच जायचा.

आता जरा हवापाण्याचं, कारण तुमच्या पाळणाघराची सुरक्षा मार्च ते जूनमध्ये आपोआप ढासळते. कशामुळे? कूलरमुळे. बंद खोलीत कूलर चालवला की दमट होऊन मुलं घामाघूम होतात, हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून आपण समोरचं दार सताड उघडं टाकतो. पंचेचाळीस डिग्रीत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, शेजारी दारं-खिडक्या लावून झोपलेले, आणि पाळणाघराचं दार मात्र उघडं. वर्षातली हीच सगळ्यात एकाकी वेळ असते. लोखंडी जाळीचं दुसरं दार बसवून घ्या, आतून बोल्ट असलेलं. हवाही जाते आणि कोण आलं तेही दिसतं. मागचं दारही बघा, जिथून भांडेवाली येते आणि कचरा जातो. माझा अनुभव असा की पुढच्या दाराला लोक तीन कड्या लावतात आणि मागचं दार विटेने अडवून ठेवतात.

कूलरवाला, गॅसवाला, फिल्टरवाला या सगळ्यांना मुलं झोपायच्या आधीची किंवा संध्याकाळी मुलं गेल्यानंतरची वेळ द्या. नवीन प्रवेशासाठी जागा बघायला येणाऱ्यांना शनिवार. आत आलेल्या कारागिरासोबत एक मावशी सतत उभी. वहीत नाव-वेळ लिहा, पण वही लिहिली म्हणजे काम झालं असं समजू नका. ‘रमेश, ३.१०’ असं लिहिलेल्या वह्या मी खूप पाहिल्या आहेत.

मुलांच्या आईवडिलांना मात्र कधीही येऊ द्या. ज्या आया ‘तुरुंग’ म्हणाल्या त्यांना बहुतेक हीच भीती वाटली असणार, की आता आपल्यालाच आत सोडणार नाहीत. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला लावणाऱ्या २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायची तरतूद केली होती. तुमचं घरगुती पाळणाघर त्यात येत नाही, पण त्यामागचा विचार तुम्हालाही लागू आहे. आई न सांगता आली तरी बेल वाजवेल, तुम्ही बघाल, ती आत येईल, आपल्या लेकराला भेटेल. दुसऱ्यांची मुलं झोपलेल्या खोलीत तिने फिरायचं नाही, इतकीच अट. पालकांना दारात थोपवणारं पाळणाघर मला तरी संशयास्पद वाटतं.

पुढचं लिहिताना हात जरा अडखळतो, पण लिहिते. तुमचं पाळणाघर तुमच्या घरात आहे. मुलांशी ज्याचं काही काम नाही असा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचा कोणीतरी येतो. तुमच्या मुलाचे मित्र? सणाला आलेले दीर? वरच्या मजल्यावर भाडेकरू असतील तर त्यांचा जिना कुठून जातो? चार्जर शोधायला म्हणून कोणी मुलांच्या खोलीत डोकावतं का? बदलापूरला २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्याच्यावर शाळेतल्या लहान मुलींवर अत्याचाराचा आरोप झाला तो गेटवरून उडी मारून आलेला नव्हता, शाळेतच कामाला होता. म्हणून एक रेघ ओढा: पाळणाघराच्या वेळात खालच्या मजल्यावर तुम्ही आणि दोन मावश्या, बाकी कोणी नाही, तुमचे यजमानही नाहीत. ते चिडतील. त्यांना सांगा, हा नियम तुमच्यावर संशय म्हणून नाही, उद्या कोणी बोट दाखवलं तर तुम्ही तिथे नव्हतात हे छातीठोकपणे सांगता यावं म्हणून आहे. मावश्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या आणि त्यासोबत तुमचीही, म्हणजे त्यांना अपमान वाटणार नाही. आणि कधी मुलाच्या अंगावर, वागण्यात, बोलण्यात काही खटकलं तर ‘आपल्या पाळणाघराचं नाव जाईल’ म्हणून गप्प राहायची मुभा कायदा देत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्था चालवणाऱ्याने आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल ते दडवलं तर कलम २१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे.

कॅमेरा जरूर लावा. एक गेटकडे तोंड करून, एक खेळायच्या खोलीत. पण खारघरच्या पाळणाघरातलं २०१६ चं प्रकरण आठवा. आया बाळाला मारत होती ते कॅमेऱ्यात सगळं आलं होतं, पण आईने मुलीच्या अंगावरच्या खुणा पाहून विचारणा केली तेव्हाच ते कोणी उघडून बघितलं. चित्रण सगळ्या पालकांच्या मोबाइलवर थेट देऊ नका, दुसऱ्यांच्या मुलांचे कपडे बदलताना कोणी का बघावं. त्यावरून आठवलं, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकताना मुलाचं नाव, वेळ आणि जागा एकत्र टाकत असाल तर बंद करा. दप्तरावर बाहेरून मोठ्या अक्षरात नाव लिहिणंही बंद. त्या चुलतकाकाने जे केलं ते करायला फक्त नाव माहीत असावं लागतं.

अजून एक दिवस सांभाळायचा: तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लहान मुलांचा पोळा. तुम्हीही आदल्या दिवशी साजरा करत असणार. लाकडी बैल, धोतर-पगडी, मुलांना मिळणारा बोजारा, पालकांची गर्दी, दारं उघडी, आणि रंगवलेल्या मिशांमुळे कोणतं पोरगं कोणाचं ते आईलाही पटकन कळत नाही. त्या दिवशी मुलं सुटायची वेळ एकदम ठेवू नका. पाच-पाच मुलं, एक मावशी फाइल घेऊन दारात, दुसरी आत मोजत. मोजणी रोजचीच हवी. अंगणातून आत आल्यावर, जेवायला बसल्यावर, झोपेतून उठल्यावर, तोंडाने आणि बोटाने.

त्या दिवशी ज्या मावशींनी मूल दिलं, त्यांना तुम्ही काढलं नसेल अशी आशा करते. काढलं असेल तर परत बोलवा. ती चूक आता त्या कधीही करणार नाहीत. नवीन आणाल तिला ती अजून करायची आहे.

राहिले आजोबा. त्यांनी विचारलं, ‘आम्हाला ओळखत नाही का?’ त्यांना सांगा, ‘मी ओळखते हो. पण मी दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि दारात नवीन मावशी असली तर ती कशी ओळखणार?’ आणि पहिलं पान त्यांच्या नातीचं करा. फोटो काढायला उद्या या म्हणा. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून येतात की नाही बघा.